कांद्याच्या कडेचा मका: शेजारी पिकांच्या मुळांमध्ये मातीखाली काय घडते

फुलकिडे अडवण्यासाठी कांद्याच्या वाफ्यांभोवती मक्याच्या दोन ओळी लावाव्यात, ही शिफारस नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या चांगल्या परिचयाची आहे. चांदवड, येवला किंवा निफाडच्या बाजूला असे शेत काढणीच्या वेळी नीट पाहिले, तर मक्याच्या अगदी लगतच्या दोन-तीन ओळींतील कांदा बारीक राहिलेला दिसतो आणि जसजसे वाफ्याच्या मध्याकडे जावे तसतसा त्याचा आकार वाढत जातो. मक्याने कांद्याला दाबले, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु हाच मका चुनखडीयुक्त जमिनीत भुईमुगाच्या शेजारी उभा राहिला, तर त्याच्या जवळच्या ओळींतील भुईमूग दूरच्या ओळींपेक्षा अधिक हिरवा राहतो, हेही प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. एकच पीक एका शेजाऱ्याला दाबते आणि दुसऱ्याला सावरते, याचे कारण वरच्या पानांत फारसे सापडत नाही. त्यासाठी मातीखाली पाहावे लागते.

आंतरपिकांबद्दल बोलताना आपण बहुधा दोन पिकांमधील अंतर, ओळींचे प्रमाण आणि सावली यांचा विचार करतो, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात. मुळे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी एकतर काहीच बोलले जात नाही किंवा फार ठोकळेबाज बोलले जाते, जसे की ‘द्विदल पीक शेजाऱ्याला नत्र देते’ किंवा ‘खोल मुळांचे पीक आणि उथळ मुळांचे पीक एकत्र चालते’. या दोन्ही विधानांत तथ्य आहे, पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. पुढील विवेचनाचा उद्देश हाच आहे की दोन पिकांची मुळे एकमेकांशेजारी आली असता प्रत्यक्षात कोणकोणत्या क्रिया घडतात आणि त्यांपैकी कोणती क्रिया वरचढ ठरेल हे कशावर अवलंबून असते, ते समजून घ्यावे.

प्रथम मुळाच्या पोहोचीविषयी

मूळ मातीत जेवढी जागा व्यापते तेवढ्याच जागेतून ते अन्न घेते, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की मुळाची पोहोच ही अन्नद्रव्यागणिक बदलते. नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबर वाहते, त्यामुळे पीक जेव्हा पाणी ओढते तेव्हा कित्येक सेंटिमीटर अंतरावरचे नत्रही त्या पाण्याबरोबर मुळापर्यंत येऊन पोहोचते. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) तसे नसते. स्फुरद मातीच्या कणांना आणि तेथील चुना, लोह किंवा ॲल्युमिनियम यांना घट्ट चिकटून बसतो आणि आपल्या जागेवरून जेमतेम काही मिलिमीटर हलतो. एखाद्या मुळाने आपल्या भोवतीच्या एक-दोन मिलिमीटर मातीतील स्फुरद संपवला की त्यापलीकडे कितीही साठा असला तरी त्या मुळाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो. तेथे नवी मुळी किंवा मूळकेस पोहोचावा लागतो.

हा एक फरक लक्षात ठेवला तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. पाणी आणि नायट्रेट यांच्यासाठीची स्पर्धा दोन पिकांची मुळे एकमेकांपासून बरीच दूर असतानाही सुरू होते, तर स्फुरद, लोह किंवा जस्त यांच्या बाबतीत होणारी स्पर्धा असो वा मदत, ती मुळे एकमेकांत अक्षरशः गुंफली गेली तरच घडते. पिकांच्या दोन ओळींमध्ये तीन फूट अंतर ठेवले आणि दोन्ही पिकांची मुळे मध्यावर येऊन भेटलीच नाहीत, तर शेजारच्या पिकाने मोकळा केलेला स्फुरद आपल्या पिकाला मिळण्याचा संभवच उरत नाही.

आता कांद्याकडे परत येऊ. कांद्याची मुळे बहुतांशी वरच्या २० ते ३० सेंटिमीटर मातीतच राहतात, त्यांना फाटे कमी फुटतात आणि त्यांच्यावर मूळकेसही अत्यल्प असतात. त्यामुळे कांदा हा पाणी व नत्र ओढण्याच्या बाबतीत मुळातच दुबळा आहे, आणि म्हणूनच पोळ (खरीप) असो, रांगडा (उशिरा खरीप) असो की उन्हाळ (रब्बी), त्याला थोडे थोडे परंतु वारंवार पाणी द्यावे लागते. मक्याची तंतुमय मुळे आडवी पसरतात, त्याच वरच्या थरात दाट जाळे विणतात आणि कांद्याला नत्राची सर्वाधिक गरज असते त्याच आठवड्यांत तीही भरात असतात. खोली एक, वेळ एक आणि गरजेची वस्तू एक, अशी ही जोडी असल्याने कडेच्या ओळी मार खातात. सावलीचा वाटाही त्यात असतो, हे नाकारता येणार नाही. तरीही फुलकिड्यांपासून मिळणारे संरक्षण पाहता कडेच्या दोन ओळींचे नुकसान सोसण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. मात्र मक्याची ओळ आणि पहिला वाफा यांच्यामध्ये पाट ठेवणे आणि मक्याला त्याचे खत वेगळे देणे, एवढी काळजी घेतली तर ते नुकसान कमी होते.

बाजरी आणि तूर

काही वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यात एका परिचिताच्या शेतात शेततळ्याचा खड्डा खणला जात असताना त्याच्या कापलेल्या भिंतीत बाजरी आणि तुरीची मुळे एकत्र पाहण्याचा योग आला. वरच्या दीड वीत मातीत बाजरीच्या मुळांचा जारवा इतका दाट होता की ढेकूळ हातात घेतले तरी ते फुटत नव्हते, आणि तुरीचे सोटमूळ त्यातून सरळ खाली उतरून कमरेइतक्या खोलीवर मुरुमाच्या भेगेत शिरले होते. शेतमालकांचे वडील तेथे उभे होते; ते म्हणाले, “बाजरी वरचं खाते, तूर खालचं. म्हणून आम्ही पाभरीला मागं नळा बांधून तूर सोडत आलो.”

त्यांचे निरीक्षण पिढ्यांचे आहे आणि त्याचा आदर राखूनच एक भर घालावीशी वाटते. तुरीचे सोटमूळ खोल जाते हे खरे असले, तरी तुरीच्या एकूण मुळांचा मोठा भाग वरच्या थरातच असतो, कारण सेंद्रिय पदार्थ आणि अन्नद्रव्ये तेथेच अधिक असतात. दोन्ही पिकांची मुळे वरच्या थरात शेजारी शेजारीच नांदतात. मग त्यांचे पटते कसे? याचे अधिक मोठे कारण खोलीपेक्षा वेळ हे आहे. बाजरी ८० ते ९० दिवसांत काढणीला येते आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांतच आपले बहुतेक अन्न उचलून घेते. तूर पहिल्या दोन महिन्यांत अतिशय सावकाश वाढते, त्या काळात तिचे लक्ष जणू मूळ खाली उतरवण्याकडेच असते, आणि बाजरी कापून शेत मोकळे झाल्यावर ती फांद्या फोडते व फुलावर येते. पाऊस संपल्यानंतर जेव्हा वरचा थर सुकतो, तेव्हा खाली उतरलेले तेच सोटमूळ खोलवरच्या ओलीवर शेंगा भरून काढते. सिन्नर, नांदगाव, येवला यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत ही जोडी टिकून राहिली, ती या वेळेच्या विभागणीमुळे. ऊस आणि कांदा यांची जोडीही याच तत्त्वावर चालते: उसाचे मूळ व पाला पसरेपर्यंतचे पहिले तीन-चार महिने कांदा वापरून घेतो.

अशा जोडीचा फायदा मोजण्यासाठी एक साधा हिशेब केला जातो, त्याला जमीन-समतुल्यता गुणोत्तर म्हणतात. समजा, एका एकरात केवळ बाजरी १० क्विंटल येते आणि केवळ तूर ६ क्विंटल येते, तर त्याच एकरात दोन्ही एकत्र घेतल्यावर बाजरी ८ आणि तूर ४ क्विंटल आली. बाजरीने आपल्या स्वतंत्र उत्पादनाचे ०.८ आणि तुरीने ०.६७ दिले, बेरीज १.४७ झाली. म्हणजे हेच उत्पादन वेगवेगळ्या शेतांत काढायचे ठरवले असते तर जवळजवळ दीड एकर जमीन लागली असती. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. बेरीज एकपेक्षा जास्त आली म्हणजे जोडी जमली, एकपेक्षा कमी आली म्हणजे त्या दोन पिकांनी एकमेकांना खाल्ले.

नत्राविषयीचा समज

तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पकडून पिकाला देतात, हे आता सर्वज्ञात आहे. त्यावरून असे गृहीत धरले जाते की द्विदल पीक त्याच हंगामात शेजारच्या तृणधान्याला नत्राचा पुरवठा करते. प्रत्यक्षात उभ्या पिकाच्या मुळांतून शेजाऱ्याकडे थेट जाणारे नत्र बहुधा थोडेच असते. गाठीत तयार झालेले नत्र ते पीक स्वतःसाठीच वापरते, आणि पक्वतेच्या वेळी त्याचा मोठा भाग दाण्यांत निघून जातो.

तरीही शेजारच्या बाजरीला किंवा मक्याला लाभ होतो. तो कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. तृणधान्याची मुळे मातीतील नायट्रेट वेगाने उचलतात. द्विदल पिकाला मातीत आयते नायट्रेट भरपूर मिळाले तर ते गाठी करण्याचा खटाटोप कमी करते, कारण गाठी पोसण्यासाठी त्याला आपली साखर खर्च करावी लागते. शेजारच्या तृणधान्याने मातीतील नायट्रेट संपवत आणले की द्विदल पिकाला हवेतील नत्रावरच अवलंबून राहावे लागते, गाठींचे काम वाढते आणि मातीतील नत्र बव्हंशी तृणधान्यासाठी शिल्लक राहते. म्हणजे येथे देणे कमी आणि न मागणे अधिक आहे. यातूनच एक व्यावहारिक गोष्ट निघते: अशा मिश्र शेतात सरसकट युरिया फेकला तर गाठींचे काम मंदावते आणि जोडीचा हा फायदाच नाहीसा होतो. खत द्यायचेच असेल तर ते तृणधान्याच्या ओळीत द्यावे.

प्रत्यक्ष नत्राचा हात पुढच्या पिकाला मिळतो. द्विदल पीक निघाल्यानंतर मुळे, गाठी आणि गळालेला पाला कुजतो आणि त्यातील नत्र हळूहळू मोकळे होते. यालाच आपले शेतकरी ‘बेवड’ म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे म्हणणाऱ्या माणसाने हे शास्त्र वेगळ्या शब्दांत कधीचेच सांगून ठेवलेले आहे.

हरभऱ्याची आंब मुळांवरही असते

पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालले की पायांना आणि कपड्यांना आंबट दव लागते. फडके फिरवून ती आंब गोळा करण्याची रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे. पानांवरच्या या आंबेत मॅलिक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. हरभऱ्याची मुळेही सायट्रिक, मॅलिक यांसारखी आम्ले भोवतालच्या मातीत सोडतात, हे मात्र फार कमी जणांना माहीत असते. मुळाभोवतीच्या ज्या पातळ थरावर मुळांच्या स्रावांचा असा प्रभाव पडतो, त्या थराला १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. आपण त्याला मूळपरिसर म्हणू. दोन पिकांमधील बहुतेक महत्त्वाचे व्यवहार या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात होतात.

नाशिकच्या पूर्वेकडील काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या, अल्कधर्मी आणि अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहेत. अशा जमिनीत घातलेला स्फुरद कॅल्शियमबरोबर जखडला जातो. हरभऱ्याची आम्ले मूळपरिसराचा सामू (पीएच) तेवढ्यापुरता खाली आणतात, कॅल्शियमला पकडून ठेवतात आणि स्फुरद मोकळा करतात. मोकळा झालेला स्फुरद कोणाच्या नावाचा नसतो; तेथे गव्हाचे किंवा करडईचे मूळ पोहोचलेले असेल तर तेही तो उचलते.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या तांबड्या जमिनींत चित्र वेगळे आहे. तेथे स्फुरद मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी बांधलेला असतो आणि तो सोडवण्यासाठी वेगळी किल्ली लागते. ती तुरीकडे आहे. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० साली असे दाखवून दिले की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल नावाचा पदार्थ सोडतात, तो लोहाला धरून ठेवतो आणि लोहाशी बांधलेला स्फुरद सुटा होतो. ज्वारी, मका, सोयाबीन यांना जो स्फुरद जवळजवळ बंद कुलपात असतो, तो तुरीला मिळतो, आणि तुरीची मुळे व पाने कुजल्यावर तोच स्फुरद पुढील पिकांच्या आवाक्यात येतो. म्हणून ‘कोणते आंतरपीक चांगले’ या प्रश्नाचे उत्तर येवल्याला आणि सुरगाण्याला एकच असू शकत नाही.

पण हे सारे मुळांमुळेच घडते, सावली किंवा वारा यांमुळे नव्हे, हे ठरवायचे कसे? त्यासाठी संशोधकांनी एक साधी परंतु अतिशय चतुर रीत वापरली. दोन पिकांच्या ओळींमध्ये जमिनीत उभा पडदा घालायचा. एका ठिकाणी प्लास्टिकचा अखंड पडदा, ज्यातून ना मूळ जाते ना पाणी; दुसऱ्या ठिकाणी नायलॉनची अत्यंत बारीक जाळी, ज्यातून मुळे जात नाहीत पण पाणी आणि स्राव जातात; आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. वरची पाने तिन्ही ठिकाणी सारखीच शेजारी असतात, त्यामुळे उत्पादनात जो फरक पडेल तो मातीखालच्या व्यवहाराचाच असतो. चीनमधील संशोधकांनी मका आणि बाकला या शेंगवर्गीय पिकाच्या जोडीवर स्फुरद कमी असलेल्या जमिनीत चार वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्र लागवडीत मक्याने स्वतंत्र लागवडीच्या मानाने ४३ टक्के आणि बाकल्याने २६ टक्के अधिक उत्पादन दिले. बाकल्याची मुळे मूळपरिसर आम्लधर्मी करून स्फुरद सोडवत होती, आणि पडद्याने मुळे वेगळी केली की मक्याचा लाभ ओसरत होता. बाकल्यालाही फायदा झाला, कारण त्याची आणि मक्याची मुळे वेगवेगळ्या खोलीवर व वेगवेगळ्या काळात वाढत होती.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. जमिनीत सुपरफॉस्फेट किंवा डीएपी यांसारखे स्फुरदाचे खत मुबलक असेल तर ही मदत दिसतच नाही, कारण कोणालाच कुलूप उघडण्याची गरज उरत नाही. मुळे एकमेकांना सर्वाधिक उपयोगी पडतात ती टंचाईत.

मका आणि भुईमूग

चुनखडीयुक्त जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मातीत लोह कमी नसते, पण अल्कधर्मी मातीत ते विरघळत नाही. भुईमुगासारखी द्विदल पिके मुळांभोवती आम्लता निर्माण करून लोह विरघळवण्याचा प्रयत्न करतात, मात्र चुना ती आम्लता तेथल्या तेथे मारून टाकतो. गवतवर्गीय पिकांची रीत निराळी आहे. मका, गहू, बाजरी यांची मुळे लोहाला पकडणारे विशिष्ट पदार्थ मातीत सोडतात आणि लोहासह ते पदार्थ परत शोषून घेतात. या पदार्थांवर चुन्याचा तितका परिणाम होत नाही. चीनमधील शेतांत असे आढळले की मक्याच्या शेजारी असलेल्या भुईमुगाच्या ओळींत पिवळेपणा कमी असतो आणि जसजसे दूर जावे तसतसा तो वाढतो. पडदा घालून मुळे वेगळी केली की जवळचा भुईमूगही पिवळा पडतो. मक्याने विरघळवलेल्या लोहाचा काही अंश शेजाऱ्याच्या वाट्याला येतो, असा त्याचा अर्थ आहे.

आरंभी जो विरोधाभास वाटला तो येथे सुटतो. कांद्याशेजारी टंचाई असते पाण्याची आणि नत्राची, आणि त्या दोन्ही वस्तू मका कांद्यापेक्षा वेगाने ओढतो. भुईमुगाला नत्राची चिंता नसते, त्याच्या गाठी ते काम करतात. त्याची टंचाई लोहाची असते, आणि ते मोकळे करण्याची कला मक्याकडे आहे. मात्र मका दाट झाला तर सावलीमुळे भुईमुगाच्या आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) आणि शेंगा कमी होतात, म्हणून पाने हिरवी दिसली म्हणजे उत्पादन वाढलेच असे मानू नये.

बुरशीचे धागे

मुळांच्या या व्यवहारात तिसरा भागीदार आहे, तो म्हणजे मायकोरायझा बुरशी. बहुसंख्य पिकांच्या मुळांत ही बुरशी राहते, तिचे धागे मूळकेसांपेक्षा कितीतरी बारीक असतात आणि ते मुळापासून काही सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद व जस्त आणून देतात. त्याच्या मोबदल्यात पीक पानांत तयार झालेल्या साखरेचा सुमारे ४ ते २० टक्के भाग तिला देते. ज्याच्या मुळांवर मूळकेस जवळजवळ नाहीतच अशा कांद्याला ही बुरशी किती मोलाची असेल हे सांगायला नको.

येथेच एक गोष्ट नाशिकच्या भाजीपाला पट्ट्याने ध्यानात घ्यावी. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा ही एकाच कुळातील पिके आणि पालक, बीट ही पिके मायकोरायझाला थारा देत नाहीत. कोबीमागून कोबी घेतलेल्या शेतात ही बुरशी उपाशी राहून विरळ होते, आणि त्या शेतात लगेच लावलेल्या कांद्याला सुरुवातीला स्फुरद उचलणे जड जाते. मधे एखादे मका, मूग किंवा ताग यांचे पीक आले तर बुरशी पुन्हा वाढीस लागते. बाटलीतील मायकोरायझा विकत आणण्याआधी शेतातील मूळची बुरशी जगेल असा पीकक्रम ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एकाच बुरशीचे धागे दोन वेगवेगळ्या पिकांच्या मुळांना जोडलेलेही असू शकतात. त्यावरून झाडे एकमेकांना अन्न वाटून देतात अशा सुंदर कथा पसरल्या आहेत. मोजमाप केले असता अशा मार्गाने जाणारे अन्न बहुधा थोडे असते. पाण्याच्या बाबतीत मात्र एक उद्बोधक प्रयोग आहे. खोल मुळांची काही झाडे रात्री, पानांची छिद्रे मिटलेली असताना, खालच्या ओलसर थरातून पाणी वर आणतात आणि ते कोरड्या वरच्या थरात मुळांवाटे पाझरते. तूर त्यांपैकी एक आहे. नागली आणि तूर एकत्र वाढवून केलेल्या कुंड्यांमधील प्रयोगांत, वरची माती कोरडी ठेवली असताना तुरीने वर आणलेल्या पाण्याचा आधार नागलीला मिळाल्याचे आणि त्यात बुरशीच्या धाग्यांचा हात असल्याचे संकेत मिळाले. हे पाणी सिंचनाची जागा घेण्याइतके नसते, पण पावसाच्या खंडात नागलीचे रोप तग धरून राहण्यास त्याची मदत होऊ शकते. पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर नागलीबरोबर तूर घेणाऱ्यांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रोग आणि सूत्रकृमी

मुळांतून निघणारे सर्वच स्राव उपकारक नसतात. ज्वारीच्या मूळकेसांतून सॉर्गोलिओन नावाचा तेलकट पदार्थ निघतो आणि तो अनेक तणांची वाढ रोखतो. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल असते आणि ते पिकांच्या मुळांवर रोगट गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतील धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना, घातक ठरते. टोमॅटोत झेंडू लावण्याची पद्धत दिंडोरी-गिरणारे भागात आहे, परंतु बांधावर किंवा प्रत्येक दहा-पंधरा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावल्याने सूत्रकृमी आटोक्यात येतील ही अपेक्षा चुकीची आहे. तशी ओळ फळ पोखरणाऱ्या अळीला आकर्षून घेण्यासाठी उपयोगी आहे. सूत्रकृमींसाठी झेंडूची मुळे त्या मातीत सर्वत्र पसरलेली असावी लागतात, म्हणजे टोमॅटोच्या आधी त्याच जागी दोन-तीन महिने दाट झेंडू घ्यावा लागतो.

तुरीच्या मर रोगाबाबत इक्रिसॅटच्या प्रयोगांत असे दिसले होते की ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मरचे प्रमाण एकट्या तुरीपेक्षा कमी राहते. ज्वारी-बाजरीच्या मुळांवर जगणारे परोपजीवी तण, टारफुला, मात्र याच स्रावांचा गैरफायदा घेतो. भुकेले मूळ मायकोरायझा बुरशीला साद घालण्यासाठी जे पदार्थ सोडते, तेच ओळखून टारफुल्याचे बी रुजते आणि त्या मुळाला चिकटते. चवळी, भुईमूग, कापूस यांची मुळेही ते बी रुजवतात, पण टारफुल्याला त्यांच्यावर जगता येत नाही आणि रोपटे मरून जाते. टारफुला असलेल्या शेतात ही पिके मिसळण्याचे किंवा पालटून घेण्याचे हे कारण आहे.

द्राक्षबागेतील ओळींमध्ये ताग किंवा धैंचा घेण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर प्रश्न वेळेचाच आहे. पावसाळ्यात, पाणी मुबलक असताना घेतलेले हिरवळीचे पीक ऑक्टोबर छाटणीच्या बरेच आधी गाडले तर वेलीच्या पांढऱ्या मुळीशी त्याची झटापट होत नाही. तेच पीक उन्हाळ्यात ठिबकच्या ओलीजवळ वाढू दिले, तर ते थेट वेलीच्या तोंडचे पाणी घेते.

स्वतःच्या शेतात पाहायचे असल्यास

आपल्या जोडीचे खरोखर पटते का, हे पाहण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. बाजरी किंवा मका फुलोऱ्यात आल्यावर, वाफसा असताना (माती ओलसर पण चिखल नसलेली असताना), दोन पिकांच्या ओळींना आडवा असा हातभर लांब आणि दोन फूट खोल चर घ्यावा. एक बाजू खुरप्याने सरळ तासावी आणि पाठीवरच्या पंपाच्या बारीक धारेने माती हळूहळू धुवावी. मुळे तुटू न देता उघडी होतात. दोन्ही पिकांच्या पांढऱ्या मुळ्या कोणत्या खोलीवर एकमेकांत मिसळल्या आहेत आणि ओळींमधील मधल्या पट्ट्यात मुळेच नाहीत असे आहे का, ते मोजपट्टीने टिपून ठेवावे. मधला पट्टा मुळांवाचून मोकळा असेल तर ओळी एवढ्या दूर ठेवल्याने स्फुरद-लोहाची देवघेव होत नाही असे समजावे, आणि पुढील हंगामात एका कोपऱ्यात अंतर थोडे कमी करून पाहावे.

त्याच वेळी द्विदल पिकाच्या चार-पाच गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतून गुलाबी-लालसर असतील तर गाठी नत्र पकडत आहेत. हिरवट किंवा तपकिरी असतील तर त्यांचे काम संपत आले आहे. गाठी फारच थोड्या आणि आतून पांढऱ्या असतील, तर त्या ओळीत युरिया पडला होता का, किंवा पेरणीच्या वेळी बियाण्याला जिवाणू संवर्धक लावायचे राहून गेले होते का, हे आठवून पाहावे. चर पाहून झाल्यावर माती ज्या थराची त्या थरातच परत भरावी, म्हणजे खालचा मुरूम वर येऊन उरलेल्या पिकाला त्रास होणार नाही.